मठपती सरांचे तेवीस चौकोन

मठपती सर कुणाच्याही घरी गेले की हात जोडून शरणार्थ म्हणायच्या आधी वर बघतात. घरधन्याला वाटतं, सरांना उकडतंय, म्हणून तो धावत जाऊन पंखा वाढवतो. सर पंख्याकडे बघतच नसतात. त्यांना छत बघायचं असतं. काठी, छत्री, झाडूचा दांडा, हाताला जे लागेल त्यानं ते छताला दोन-तीन ठिकाणी ठोकतात, मान तिरपी करून आवाज ऐकतात आणि समाधान झालं तर बसतात. नाही झालं तर "हितं नको, बाहीर वारं हाय" म्हणत खुर्ची उचलून अंगणात नेतात. औरादच्या मे महिन्यात, भर दुपारी.

माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायला आम्ही भालकीकडे गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून सरांना सोबत नेलं. चूक माझीच. मुलीसाठी मांडलेल्या पाटावर सर स्वतःच चढले आणि छत्रीच्या टोकानं वर ठोकायला लागले. मुलीचा मामा चाचरत म्हणाला की घर मागच्याच वर्षी बांधलंय. सर म्हणाले, "नवं हाय म्हणूनच इचारावं लागतंय." मग खाली उतरून त्यांनी पाट हातभर डावीकडे सरकवला आणि पोहे मागितले. लग्न जमलं. पण भावजय अजून विचारते, त्या दिवशी तुमचे सर आमच्या छतात काय शोधत होते.

आमची शाळा औरादजवळच्या एका खेड्यातली. सरकारी, मराठी माध्यमाची, दोन खोल्यांची. पहिली ते तिसरी एका खोलीत, ती सरांकडे. चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत, ती मी सांभाळते. हेडमास्तर तिसरे, ते बहुतेक वेळ तालुक्याला मीटिंगला असतात आणि मीटिंग नसली की मीटिंगच्या तयारीला. चौथी गंगूअक्का, दुपारचं जेवण शिजवणारी, आणि खरं सांगायचं तर शाळेतली सगळ्यात शहाणी बाई तीच.

सीमेच्या आमच्या बाजूला मे संपता संपताच शाळा उघडते. आम्ही बाकीचे आदल्या दिवशी येतो. झाडून घ्यायचं, फळा काळा करायचा, दाराला आंब्याच्या डहाळ्यांचा टाळा बांधायचा, झाली तयारी. सर आठ दिवस आधी येतात. पहिला दिवस छताचा. लांब बांबू घेऊन ते खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वितावितावर ठोकत जातात. भरीव आवाज आला तर "गप हाय" म्हणतात, पोकळ आला तर "बडबडायलंय" म्हणतात आणि बडबडणाऱ्या जागेखाली फरशीवर खडूनं फुली मारतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "छत गप पायजे, लेकरं बोलकी पायजेत." हे ते इतक्यांदा म्हणतात की गंगूअक्का भाताला उकळी आली तरी तेच म्हणते.

दुसऱ्या दिवसापासून चौकोन. पटावर जितकी मुलं, तितके चौकोन ते फुल्या चुकवून फरशीवर आखतात. मग प्रत्येक चौकोनात स्वतः मांडी घालून बसतात. एक पूर्ण तास, घड्याळ लावून, मांडीवर पाटी घेऊन. पंचावन्नी ओलांडलेला, धोतरासारखी ढगळ पँट घातलेला हा माणूस रिकाम्या वर्गात पाचव्या चौकोनात बसून "अ" गिरवताना मी पहिल्यांदा बघितला, तेव्हा बदलीचा अर्ज करावा की काय असं वाटलं होतं. गंगूअक्का दारातून ओरडली, "सर, औंदा तरी पास व्हा की." सर हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं की पाच नंबरवरून सकाळी फळा चकाकतो, खिडकीचा पडदा बदलणे.

तसं बघितलं तर त्यांच्या वहीत चुकीचं काहीच नसायचं. बाराव्या चौकोनात मुंग्या निघतात. नवव्यात खिडकीच्या गजाचा खिळा मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येतो. तो मी दहा वेळा बघितला होता, पण उभ्यानं. उठताना सरांचे गुडघे वाजत, खिडकी धरावी लागे. तरी आठ दिवसांत सगळे चौकोन बसून व्हायचे. मग मुलांची वाटणी, आणि एकदा जागा दिली की दिली. वर्षभर बदल नाही. मित्राजवळ नाही, पंख्याखाली नाही, सरपंच आले तरी नाही.

हे चौकोन पहिल्या वर्षी मला खुपले होते. आम्ही बौद्ध. माझी आई शाळेत गेली तेव्हा तिची जागाही ठरलेली असायची, दाराबाहेर, चपलांजवळ. त्यामुळे आखून दिलेली जागा म्हटलं की मी आधी दार किती लांब आहे ते बघते. मी महिनाभर लक्ष ठेवलं, कोण कुठे बसतंय, कुणाच्या शेजारी कुणाला टाळलंय. मला काही सापडलं नाही. एक बाप मात्र आला होता, त्याला आपल्या पोराच्या शेजारचं पोर नको होतं, का, ते त्यानं स्पष्ट सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. सरांनी त्याला त्याच्या पोराच्याच चौकोनात बसवलं आणि वर बांबू ठोकून ऐकवला. म्हणाले, खोलीत इतकं गप छत दुसरं न्हाई, तुमच्या लेकराला हितनं उठवू का? बाप गोंधळून घरी गेला.

मागच्या वर्षी मात्र आमचं वाजलं. सर दोन दिवस प्रशिक्षणाला गेले होते, त्यांचा वर्ग मी सांभाळत होते. दुसरीतली एक मुलगी सारखी शेजारणीशी बोलत होती, म्हणून मी तिला उठवून भिंतीकडे बसवलं. मोठं काही नाही, सगळेच करतात. दुपारी सर अचानक परत आले, दारात उभे राहिले आणि तिला तिथे बघून असे ओरडले की माझ्या वर्गातली मुलं बाहेर पळत आली. "कुणी हलीवलं हिला? कामून हलीवलं?" त्यांनी तिला हाताला धरून तिच्या चौकोनात आणून बसवलं. मग ते भिंतीकडच्या छताकडे बघत उभे राहिले. सगळ्या मुलांसमोर माझा अपमान झाला होता, त्यामुळे ते वर का बघतायत हे मी विचारलं नाही. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही माफी मागितली नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये अवकाळी झाला. दोन दिवस गारा आणि वारं. व्हरांड्याचे पत्रे उडून तुरीच्या रानात पडले, स्वयंपाकघर गळायला लागलं आणि तांदळाची पोती माझ्या वर्गात आली. मेमध्ये सरांनी बांबू हातात घेतला. मी पोत्यांमागून ऐकत होते. टक टक टक, आणि मग आवाज बदलला तो बदललाच. खिडकीकडची निम्मी खोली पोकळ वाजत होती. फुल्या मारता मारता खडू संपला.

सरांनी अर्ज दिला. आठवड्यानं वरून कागद आला की पाहणी यथावकाश होईल, तोवर वर्ग काळजीपूर्वक भरवावा. काळजीपूर्वक म्हणजे कसा, ते कागदावर नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, ॲडजस्ट करा. माझ्या खोलीत माझी एकोणतीस मुलं आणि तांदूळ. कुणीतरी देवळाचा सभामंडप सुचवला. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथं समदीच लेकरं येऊ शकतील असं न्हाई." तो विषय तिथेच संपला. पटावर तेवीस नावं होती आणि ती तेवीस मुलं निम्म्या खोलीत बसवायची होती.

मी मदतीला गेले. ते एका चौकोनात बसले होते, मला म्हणाले, "बाई, तुमी शेजारच्यात बसा जरा. दोघं बसल्यावर गुडघा लागतोय का बघू." मी बसले. गुडघा लागत होता. त्यांनी वहीत लिहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "मागल्या साली मी तुमच्यावर वरडलो."

मी म्हटलं, जाऊ द्या सर.

"जाऊ द्या कसं? आळंदकडं होतो मी. नोकरीचं दुसरं वर्ष. शारदा म्हणून पोरगी होती दुसरीत. लई बोलायची. मी म्हणलो, ऊठ, भिंतीकडं जाऊन बस धा मिंटं, मंग ये." त्यांनी पाटीवरची रेघ बोटानं पुसली. "धा मिंटं झाली न्हाईत, बाई. वरचा गिलावा तिच्यावर आला. तिच्या जाग्यावर खडासुदिक पडला न्हाई. दवाखान्यापर्यंत जीपमदी माझ्या मांडीवर होती. सारा रस्ता गप होती."

पंधरा दिवस मी ज्या माणसाशी अबोला धरला होता, तो तीस-पस्तीस वर्षं दरवर्षी तेवढ्याच भीतीनं फरशीवर बसत आलाय, हे कळून मला स्वतःची लाज वाटली. मी तसं म्हणालेही. ते म्हणाले, तुमची चूक न्हाई, तुमाला काय म्हायती. आणि मला उठवून पुढच्या चौकोनात बसवलं.

तेवीस चौकोन बसेनात. वीस बसले. मग कपाट हलवलं, एकवीस झाले. मग सरांनी आपलं टेबल उचललं, खुर्ची उचलली. फळ्याजवळची जागा मोकळी झाली आणि बाविसावा, तेविसावा चौकोनही आखून झाला. टेबल-खुर्ची त्यांनी नेऊन खिडकीकडे ठेवली, बरोबर फुल्यांच्या मधोमध.

मी म्हटलं, सर, तिथे खुर्ची कशाला? खुर्ची नसली तरी चालेल, तुम्ही फळ्यापाशी उभे राहा. ते म्हणाले, "मोकळी जागा बघितली की लेकरं पळत्यात तिकडं. दोरी बांधली तर दोरीखालनं जात्यात. मास्तर बसला असंल तर कुणी येणार न्हाई." मी चिडून विचारलं, आणि तुमच्यावर पडलं तर? ते म्हणाले की ते वर कान ठेवून बसतील, त्यांना सवय आहे. शिवाय पुढच्या मेमध्ये ते निवृत्त होणार, एका वर्षाचा तर प्रश्न. जसं काही छताला सेवापुस्तक दाखवलं की ते थांबणार होतं.

शाळा उघडली. दरवर्षी पहिल्या दिवशी सरांच्या खुर्चीभोवती मुलांचा गराडा असतो. कुणी पाटी दाखवायला, कुणी दात पडला ते सांगायला, कुणी नुसतंच मांडीला टेकायला. या वर्षी त्यांनी फरशीवर जाड रेघ ओढली आणि सांगितलं, रेघेच्या अल्याड कुणी यायचं नाही. जुन्या मुलांना ती गंमत वाटली. पहिलीतली गौरी नवीन होती, तिला रेघ काय ते कळलंच नव्हतं. "ग" काढून झाल्यावर ती पाटी घेऊन सरळ त्यांच्याकडे निघाली. तिचा पाय रेघेपलीकडे पडला आणि सर गरजले, "मागं हो." माझ्या खोलीत मुलांचे हात थांबले. गौरीच्या हातून पाटी पडून फुटली. ती हंबरडा फोडून रडायला लागली आणि सर जागेवरून उठून, लंगडत रेघेपर्यंत आले, तिला तिच्या चौकोनात बसवलं, स्वतःची पाटी दिली आणि परत जाऊन खुर्चीत बसले. तिला उचलून घेतलं नाही. घेतलं असतं तर ती उद्या पुन्हा आली असती.

चार दिवसांत वर्ग बदलला. मुलं त्यांच्याकडे बघेनाशी झाली. पाटी तपासायची असली की सरच रेघ ओलांडून येत, वाकत, तपासत, परत जात, तेवीस वेळा. मधल्या सुट्टीत मुलं माझ्या दारात येऊन बसत. तिसरीतल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, "बाई, सर आमच्यावर कामून चिडल्यात? आमी काय केलाव?"

मला ते सहन झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी रेघेपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, सर, मुलांना खरं सांगा. छत धोक्याचं आहे म्हणून इकडे येऊ नका, एवढंच सांगायचं. मुलं शहाणी आहेत, ऐकतील. तुमचं शेवटचं वर्ष आहे. ती तुम्हाला रागीट म्हणून लक्षात ठेवतील.

सरांनी खडू घेऊन पुसट झालेली रेघ गडद केली. मग म्हणाले, "सांगितलं की ती वर बघत बसतील, बाई. वर बघत बघत अक्षर कसं काढावं लेकरानं? मला भिऊ द्या त्यांना. छताला भ्याली की शाळेलाच भितील."

मी दाराकडे वळले. घंटा झाली. मुलं आत आली आणि आपापल्या चौकोनांत बसली. गौरी सरांच्या पाटीवर मान खाली घालून "ग" गिरवत होती. शेजारची, मागची, सगळीच मुलं खाली मान घालून लिहीत होती. वर फक्त सर बघत होते.