खंदारे गुरुजींची फौज

पोरांनो, आमच्या जवळा बाजारात खंदारे गुरुजी भर सकाळी दारापुढच्या दगडावर बायकोच्या साड्या धुवायचे. तेही शाळेची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

"गुरुजी, बाई काय करून राहिल्या?" जाणारा-येणारा हसत विचारी.

"लढून राहिली," म्हणत गुरुजी साडीला पीळ देत.

शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी इंग्रजी. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, नव्वद सालच्या सुमारास मोठा ताप आला. ताप गेला, थकवा राहिला. तांब्या उचलला तरी धाप लागे. पुढे मनही खचलं. तपासण्या मात्र साऱ्या बराबर. लोक म्हणत, आळस आहे. हा शब्द गुरुजींसमोर काढायची सोय नव्हती. एकदा तर ते भर पंगतीत उठून उभे राहिले.

"ताप म्हंजे दुश्मन. त्यो गेला, पण अंगातल्या फौजेला कुणी सांगितलंच न्हाई. ती आता आपल्याच घरात जाळपोळ करून राहिली!"

वरण गार झालं.

दहा-बारा वर्षांनी त्यांनी नांदेडहून एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स आणली. मी अर्थ सांगायची, ते वहीत उतरवायचे. रोगाशी लढताना शरीर नायट्रोजनची जहाल संयुगं तयार करतं. लढाई थांबलीच नाही, तर त्यांनी आपल्याच पेशी होरपळतात. थकवा आणि खिन्नता त्यातूनच येत असावी, असं त्यात होतं.

त्याच आठवड्यात पुसेगावहून त्यांचे थोरले भाऊ आले. "तिला माहेरी धाड. किती दिवस धुणं धुशील?"

गुरुजींनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, वाचा."

मी मराठीत सांगत गेले. जवळजवळ प्रत्येक वाक्यात 'कदाचित' होतं. गुरुजी कुजबुजले, "तेवढं गाळा की." मी गाळलं नाही.

"म्हंजे पक्कं न्हाईच," भाऊ म्हणाले.

आतून शांताबाईंचा आवाज आला. "दादा, इतक्या वर्षांत कुणी कदाचितबी म्हणलं न्हाई."

भाऊंनी उरलेला चहा संपवला. माहेरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

गुरुजी मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले.  तिथे थांबले.

"पहिल्या साली तिला उठवायला मी अंगावर पाण्याची घागर ओतली होती, मॅडम. ती तशीच भिजत पडून राहिली."