ओव्हाळांचं चालू काम

मंगळवारी सकाळी सुमन गेली. चहा गॅसवर होता.

तेरा दिवस माणसं येत राहिली. चौदाव्या दिवशी कुणी आलं नाही, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास ओव्हाळ आले. ओव्हाळ आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. हातात लाल फितीने बांधलेली फाइल होती. मला वाटलं, सोसायटीचं काहीतरी असेल. ते बसले, पाणी प्यायले, हिच्या फोटोकडे बघून क्षणभर मान खाली घातली आणि म्हणाले, "सर, मला अंतर्गत लेखापरीक्षक हवाय."

"ओव्हाळ, मी जन्मभर कॉलेजात ग्रंथपाल होतो. मला हिशोबातलं काही कळत नाही."

"हिशोब मला कळतो. तुम्हाला शंका येतात का?"

"येतात."

"मग झालं. रविवारी दहाला खाली पार्किंगमध्ये या."

भेटायला आलेल्या माणसाने नोकरी देऊन जावं, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

पार्किंगमध्ये ओव्हाळांची गाडी होती. उभी होती असं म्हणता येणार नाही. चाकं काढून ती सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेली होती. एके काळी काळ्यापिवळ्या रंगात टॅक्सी म्हणून जी सगळीकडे दिसायची, तिचीच ही घरगुती बहीण. गीअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. तीन वर्षांपूर्वी कळव्याच्या एका भंगारवाल्याकडून निवृत्तीच्या पैशांतून आणलेली. तिचा मूळ रंग कोणता यावर ओव्हाळ आणि वहिनींचे मतभेद होते. मला तो गंज वाटला.

जुनी गाडी घरी स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारी माणसं असतात. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाप्रमाणे दुरुस्त करणारा माणूस मी एकच पाहिला. तेहेतीस वर्षं ओव्हाळ एका नगरपालिकेच्या लेखा शाखेत होते आणि दर वर्षी शहराचं बजेट त्यांच्या हाताने टाइप व्हायचं. मुख्याधिकाऱ्यांकडे याच जातीची गाडी होती. "तिच्या पेट्रोलचं प्रत्येक बिल मी तपासलंय, सर," ते म्हणाले. "किती धावते, कुठे घसरते, कुठल्या महिन्यात जास्त पिते, सगळं पाठ. बसलो एकदाही नाही."

म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी गाडी घेतली आणि तिच्यासाठी अंदाजपत्रक उघडलं. इंजिन हे एक लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं. पत्राकाम दुसरं. विद्युत, आसनव्यवस्था, 'प्रवास व अनुषंगिक', आणि शेवटी 'इतर', ज्यात माझ्या अंदाजाने निम्मी गाडी होती. अंदाजपत्रक नेहमी शिलकी असायचं, आणि शिल्लक दर वर्षी अकरा रुपये.

"अकराच का?" ही माझी पहिली लेखी शंका.

"शून्य दाखवलं तर लोक विचारतात पैसे कुठे गेले," लेखी उत्तर आलं. "जास्त दाखवलं तर मागतात. सबब शंका वगळावी."

चार बोल्ट घ्यायचे असले तरी ओव्हाळ तीन दुकानांतून दरपत्रकं आणायचे. त्यासाठी कल्याणला रिक्षाने जायचे. बोल्ट छप्पन्न रुपयांना पडले, रिक्षा दोनशे चाळीसला. मी शंका काढली.

"रिक्षा वेगळ्या लेखाशीर्षात आहे, सर. बोल्ट आपल्याला स्वस्तच पडले."

मंजुरी देणारी स्थायी समिती म्हणजे वहिनी. समितीची सभा स्वयंपाकघरात भरायची. सीटच्या कव्हरचे पैसे ब्रेककडे वळवायचे होते तेव्हा मी हजर होतो. ओव्हाळ दारात कागद घेऊन उभे राहिले. "सभापती महोदया, विषय क्रमांक तीन."

वहिनी भाकरी थापत होत्या. "विषय क्रमांक एक माझा आहे. मिक्सर जळालाय."

"तो गाडीच्या अंदाजपत्रकात बसत नाही."

"त्याला मोटर आहे का नाही?"

"आहे."

"मग बसवा."

मिक्सर 'यंत्रसामग्री' या शीर्षाखाली बसला. ब्रेकही मंजूर झाले. कागदावर सही करताना वहिनींनी मला विचारलं, "सर, तुम्ही जेवलात का?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक भाकरी टाकली. महिनाअखेरीला खर्चाच्या पानावर नोंद दिसली: 'लेखापरीक्षक, आतिथ्य, भाकरी दोन.' मी एकच खाल्ली होती. तशी शंका काढली. उत्तर आलं, 'एक घरी नेली.' ते खरं होतं.

मार्च महिना कठीण. एकतीस मार्चपर्यंत न खर्चलेला पैसा बुडतो, अशी ओव्हाळांची श्रद्धा होती. माझ्या पहिल्या मार्चमध्ये विद्युत शीर्षात पैसे उरले म्हणून त्यांनी चार हॉर्न आणले.

"एका गाडीला चार हॉर्न?"

"निधी व्यपगत झाला असता, सर."

"पण निधी तुमचाच ना? तुमच्याच कपाटात राहिला असता."

ओव्हाळांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "निधी कुणाचा नसतो, सर."

दुसऱ्या मार्चमध्ये रंगाचे पैसे उरले. गाडीचा तळ अजून कुजकाच होता, त्याला नवा पत्रा जोडायचा होता. ओव्हाळांनी तीस तारखेला अख्खी गाडी रंगवून टाकली. फिकट निळा, फार सुरेख. मेमध्ये वेल्डिंग झालं आणि खालचा हातभर रंग जळून काळा पडला. आधी रस्ता करायचा आणि मग खणायचा ही पद्धत मी रोज बाहेर बघत होतोच. ती घरगुती प्रमाणावरही जमते, हे तेव्हा कळलं.

वेल्डिंगला आंबिवलीहून बाळाराम मिस्त्री यायचे. खाडीकाठच्या गावातले, सत्तरी ओलांडलेले. ओव्हाळ अडले की त्यांना बोलावणं जायचं. काम झालं की मजुरीआधी त्यांना तीन प्रतींत पावती करावी लागे.

"ओव्हालसायेब," ते म्हणायचे, "गारीला जेवरा पत्रा लागला त्याच्यापक्षी जास्त तुमचा कागद लागला."

एकदा त्यांनी बोनेटला लिंबू-मिरची बांधली. ओव्हाळांनी ती सोडली, बाळारामांच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाले, "या बाबीवर तरतूद नाही." मग खिशातून बोटभर उंचीची बुद्धमूर्ती काढून त्यांनी डॅशबोर्डवर चिकटवली. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ती मागच्या वर्षीच्या तरतुदीतून."

मी दर रविवारी खाली जात राहिलो. सुरुवातीला माझ्या शंका 'हे काय आहे?' एवढ्याच असत. मग मी कार्बोरेटरवरचं एक पुस्तक शोधलं, ते वाचलं, आणि माझ्या शंका लांबू लागल्या. पाण्याचा पंप दोनदा का घेतला? क्लच प्लेट जुनीच वापरता आली असती काय? ओव्हाळ प्रत्येकीचं उत्तर लिहून माझ्या दाराच्या फटीतून सरकवत. सकाळी उठल्यावर आधी दाराकडे बघायची मला सवय लागली. त्याआधी मी कुठे बघायचो ते लिहीत नाही.

एकदा मी विचारलं, "गाडी पूर्ण कधी होणार?"

ओव्हाळांनी पाना खाली ठेवला. "सर, पूर्ण झालेल्या कामाला पुढच्या वर्षी तरतूद मिळत नाही. पूर्णत्वाचा दाखला दिला की लेखाशीर्ष बंद. चालू कामाला दर वर्षी मिळते. आमच्याकडे एका शाळेचा जिना सतरा वर्षं चालू काम होता. त्या शाळेतली पोरं शिकून आमच्याच ऑफिसात लागली. जिना चालूच."

मी हसलो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मात्र मला हसू येईना. ठोकळे जाऊन चाकं बसली होती, पण काम पुढे जायचं थांबलं होतं. बसवलेले वायपर पुन्हा निघाले. डायनॅमो उघडला, पुसला आणि परत तसाच लावला. मी शंका काढली. 'तांत्रिक कारण' एवढंच उत्तर आलं.

त्यातच आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. बिल्डरने कागद केले, भाडी ठरली, आणि एप्रिलअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची असं पत्र आलं. सेक्रेटरी सावंत, पोरगेला माणूस, पार्किंगमध्ये येऊन म्हणाला, "काका, सगळ्यांनी गाड्या काढल्यात. तुमची राहिली. बंद गाडी इथे ठेवलेली चालणार नाही. बिल्डरचा माणूस सरळ कापून भंगारात टाकेल, मग मला बोलू नका."

"चालू काम आहे," ओव्हाळ म्हणाले.

"काका, अख्खी बिल्डिंग पाडतायत. चालू काम काय घेऊन बसलात?"

ओव्हाळ बंपर पुसत राहिले. तो गेल्यावर मी म्हटलं, "टो करून तरी नेऊ."

"टोईंगला शीर्ष नाही, सर. बघू."

मला त्यांचं 'बघू' समजेना. सहा वर्षं या माणसाने कंबर मोडून गाडीखाली काढली होती. पंधरा दिवसांत ती भंगारात जाणार होती, आणि त्यांनी बंपर पुसण्यापलीकडे काहीही केलं नाही. एके दिवशी सकाळी मी कपाटातले वीस हजार घेतले आणि ओव्हाळांना न सांगता आंबिवलीला गेलो.

बाळाराम मिस्त्री ओट्यावर बसून जाळं शिवत होते. मी पैसे पुढे ठेवले. "मिस्त्री, काय लागेल ते लावा, पण एप्रिलच्या आत गाडी चालू करून द्या. ओव्हाळांना माझं नाव सांगू नका."

त्यांनी पैशांकडे बघितलं नाही. "सर, गारी चालूच हाय."

"म्हणजे?"

"दिवालीच्या आंगोदरपासून. मी न् ते टिटवाल्यापावत जाऊन आलो. वहिनी मागं बसलेली. यक नंबर चालते."

"मग मला का नाही सांगितलं?"

जाळ्यातली गाठ त्यांनी दाताने तोडली. "मना बोल्ले, बालाराम, सरांना बोलू नको. काम खतम झाला तर सर खाली कशाला येतील? वर एकटंच बसून रातील." मग म्हणाले, "मी बोल्लो नसतो. पन तुम्ही पैसं घेऊन आलाव, आता काय करू?"

त्यांनी चहा दिला. मी प्यालो. कपात माशी पडली होती हे नंतर दिसलं.

परतताना मला आधी राग आला. एवढी मोठी लबाडी, आणि तीही लेखापरीक्षकाशी. मग कल्याणच्या पुलावर रिक्षा थांबलेली असताना लक्षात आलं, की ओव्हाळ आता अडकले आहेत. गाडी स्वतःच्या ताकदीने बाहेर काढली, तर ती चालते हे मला कळणार. नाही काढली, तर कापली जाणार. आणि हा माणूस इतके दिवस त्या दोहोंमध्ये बंपर पुसत बसला होता.

विचारायचं ठरवलं असतं तर त्यांनी काहीतरी शीर्ष शोधून काढलं असतं, आणि आम्ही दोघेही ओशाळलो असतो. मी घरी येऊन टेबलाशी बसलो. तीन वर्षांत लिहिलेल्या शंकांमध्ये सगळ्यात जास्त वेळ या शंकेला लागला. दोनदा कागद फाडला.

रविवारी दहाला खाली गेलो आणि तो कागद ओव्हाळांच्या हातात दिला.

'वाहनाची तपासणी केली. उजव्या मागच्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. आतल्या छताचं कापड दोन ठिकाणी सुटलं आहे. खालचा रंग जळालेला आहे. सबब काम अपूर्ण असून पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. पुढील वर्षासाठी व त्यानंतरही तरतूद ठेवावी. लेखापरीक्षण दर रविवारी चालू राहील. जागा बदलण्यास हरकत नाही.'

ओव्हाळांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं; चष्म्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नाही. मी काच वर-खाली करून पाहत होतो. ती खरंच अडकत होती.

"बाळाराम," ते शेवटी म्हणाले.

"कोण बाळाराम?" मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी केली, फाइलला लावली आणि फीत बांधली. "आक्षेप मान्य," ते म्हणाले. मग जिन्याकडे तोंड करून त्यांनी वहिनींना हाक मारली, "अगं, चप्पल घाल. जायचंय."

"कुठे?"

"तुझ्या भावाकडे. जागा आहे का विचार."

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो. वहिनी मागे बसल्या आणि काच अर्ध्यावर का अडकते म्हणून खडवलीपर्यंत बोलत राहिल्या. सावंत गेटपाशी उभा होता. ओव्हाळांनी चारही हॉर्न एकदम वाजवले.

आता इमारत पाडली आहे. ओव्हाळ कल्याणला भाड्याने राहतात, मी कळव्याला. गाडी खडवलीला वहिनींच्या भावाच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली आहे. रविवारी दहा वाजता आम्ही तिघं तिथे असतो.