मेश्रामकाकांचा डावा डोळा

मेश्रामकाका तुम्हाला गच्चीवर भेटले, तर नमस्काराआधी विचारतील, "पाणी कोणत्या रंगाचं आहे?" 'पाण्याच्या' असं उत्तर दिलंत, की तुमचा निकाल लागला.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आयुष्य गांधीबागेतल्या दुकानात साड्या दाखवण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर गच्चीत सिमेंटचं टाकं बांधलं, कमळं लावली आणि ते पाणी कॅनव्हासवर रंगवायला बसले. फक्त पाणी, पण रंगांची नावं साड्यांची. "आता रामा कलर आहे. थांब, उजेड बदलून राहिला... हा झाला चिंतामणी!"

एकदा मी टाक्याजवळ खाटेवर कुरडया वाळत घातल्या.

"तुह्या कुरडया माह्या पाण्यात पडून राहिल्या वं!"

पडली होती सावली. मी खाट हलवली नाही. त्यांनी चिडून चित्रात कुरडयाही रंगवल्या. बऱ्या जमल्या होत्या.

फ्रान्समध्ये पूर्वी एक चित्रकार असंच कमळांचं तळं रंगवत असे. काका त्याच्याबद्दल मावसभावासारखं बोलतात. काकांसारखा त्यालाही मोतीबिंदू झाला, त्यानं एकाच डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. काकांनीही उजवा डोळा करून घेतला आणि डाव्याला हात लावू देईनात. आता उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. म्हणजे त्यांना राजी करायचं काम माझ्याकडे आलं.

"भीती वाटते का, काका?"

"भीती कायची वं? त्या फ्रान्सवाल्यानं तरी कुठं दुसरा केला?"

"त्याला मी शेजारीण नव्हते."

काका हसले नाहीत. आतून काकूंची साडी घेऊन आले.

"शेवटी शेवटी ती हेच नेसे. मी लिंबू कलर समजत होतो. उजवा डोळा साफ झाला अन् पाहतो त मोती कलर! जिंदगीभर साड्या विकल्या, घरची ओळखू नाही आली. पण डाव्यानं हे अजून लिंबूच दिसते, अन् मले ती लिंबू कलरमध्येच आठवते. डावा बी साफ झाला त मंग ती कुठं दिसन?"

मला अशा वेळी कामाचं तेवढं बोलता येतं.

"मग त्याच डोळ्यानं काकूंना आधी चित्रात काढून ठेवा. मग ऑपरेशनला जाऊ."

"माणसं जमत नाही मले."

"पाण्यात काढा. पाण्यात कुणाचं नाक नीट दिसतं?"

पुढचे काही दिवस काका उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून टाक्याशी बसले. चित्रात खरंच नाकडोळे नव्हते. पिवळसर पाण्यात, कमरेवर एक हात ठेवून वाकलेली बाई. काकूच. वाकताना त्या अशाच कमरेला आधार द्यायच्या.

सोमवारी काका आपणहून माझ्या स्कूटीपाशी येऊन उभे राहिले. तळहातानं उजवा डोळा झाकून त्यांनी गच्चीकडे एकदा पाहिलं आणि मागे बसले.

"चाल वं," म्हणाले, "चित्र वाळेपर्यंत वापस येऊ."