मिडनाइट ब्लूचे तीन रंग

पनवेल तालुक्यात गुप्तहेर म्हणून एकच नाव निघतं, जीवन घरत, म्हणजे मी. ते बहुतेक वेळा मीच काढतो, हा भाग वेगळा. नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची, आणि चिकाटी अशी की देवळाबाहेरून गेलेल्या चपलांच्या तपासात मी अकरा दिवस अनवाणी फिरलो. बाराव्या दिवशी चपला बळीरामच्या रिक्षात सीटखाली सापडल्या. तिथे त्या मीच ठेवल्या होत्या, पण सापडल्या की नाही? बळीराम हा माझा सहायक. तो स्वतःला रिक्षावाला समजतो.

त्या दिवशी विचुंब्याचा मितेश म्हात्रे सकाळी सकाळी तोंड एवढंसं करून दारात आला. त्याच्या बहिणीचा, समृद्धीचा, साखरपुडा नुकताच झाला होता. तळोज्याच्या कारखान्यात सहा महिने डबल ड्युटी मारून या पोराने होणाऱ्या मेव्हण्याला ओरबिका कंपनीचा सेट दिला: फोन, घड्याळ आणि इअरबड्स. तिन्ही खोक्यांवर रंग एकच छापलेला, मिडनाइट ब्लू. नवऱ्यामुलाच्या आत्याने, भामाबाईंनी, तिन्ही वस्तू ओटीवर उजेडात मांडल्या आणि निकाल दिला. फोन चिंतामणी निळा, इअरबड्सची डबी वांगी कलर, आणि घड्याळ चक्क काळं. म्हणजे घड्याळ डुप्लिकेट. संध्याकाळपर्यंत ही बातमी नवऱ्यामुलाच्या उरणच्या सगळ्या नातेवाइकांत फिरली.

लग्न काही मोडणार नव्हतं. पण समृद्धीला जन्मभर ऐकावं लागलं असतं की तुझ्या भावाने नकली घड्याळ दिलं.

"काका, मला लोक काय बोलतील ते बोलू दे," मितेश म्हणाला. "पण तिला तिथं नांदायचं हाय."

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्या मोबाइलमधला तिन्ही वस्तूंचा फोटो भिंगातून पाहिला. मला तिन्ही वस्तू निळ्याच दिसल्या, पण गुप्तहेराने पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकायचं नसतं.

माझा पहिला संशय दुकानदारावर. त्याने शोकेसमधलं जुनं घड्याळ खपवलं असणार. मी वेषांतर करून गेलो: काळा चष्मा, मफलर, भर मे महिन्यात. दुकानदार म्हणाला, या घरतकाका, बसा, ताक घेणार का. मग त्याने खोक्यांचे नंबर कॉम्प्युटरवर टाकून दाखवले, तिन्ही वस्तू अस्सल निघाल्या. मी माझ्या फोनला नवी काच बसवून बाहेर पडलो. भामाबाईंना हे कळवलं, तर त्या म्हणाल्या, नंबर आमी वाचत नाय, आमी रंग बघतो.

दुसरा सिद्धांत शास्त्रीय होता. मितेशने खोकी चार दिवस कारखान्याच्या लॉकरमध्ये ठेवली होती, तेव्हा तळोज्याच्या केमिकलच्या हवेने धातू काळा पडला असणार. प्रयोग म्हणून मी बळीरामचं घड्याळ तिथल्या एका झाडाला दिवसभर बांधून ठेवलं. संध्याकाळी त्याचा रंग बदलला होता की नाही हे सांगता येत नाही, कारण झाडावर घड्याळच नव्हतं. परतताना बळीरामने पहिल्यांदाच माझ्यासाठी मीटर टाकला.

राहिल्या भामाबाई. ओरडणाराच चोर असतो, असं मी मितेशला सांगितलं. घड्याळ त्यांनीच बदललं. मितेशने कोपरापासून हात जोडले. काका, हे बाहेर बोलू नका, होतंय ते लग्न पण जाईल. मी शब्द दिला आणि गुपचूप पाळत सुरू केली.

शनिवारी भामाबाई समृद्धीला घेऊन पनवेलला आल्या, वेणूच्या मॅचिंग सेंटरमध्ये, लग्नाच्या साड्यांवर ब्लाउजपीस घ्यायला. आल्या त्या बळीरामच्याच रिक्षातून. भाडं घेताना तो कोणाची बाजू घेत नाही. मी मागच्या दाराने शिरून अस्तरांच्या ताग्यांमागे दबा धरला.

वेणूने चिंतामणी साडीवर दोन पीस काढले. भामाबाई ते घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात गेल्या आणि तशाच परत आल्या. रेशमी जुळतो, सुती जुळत नाय, रंग दुसरा दिलास, अशी त्यांची तक्रार. वेणू हसली.

"आत्या, रंग एक, नंबर एक, रंगाची कढई पण एक. सुती कापड रंग वेगळा पितं, रेशीम वेगळा पितं. हे तुमाला मी सांगायचं?"

 भामाबाईंनी पिशवीत हात घालून फोन, घड्याळ आणि डबी काढली. नातेवाइकांना दाखवायला हा पुरावा त्या बरोबरच बाळगत होत्या. पायरीवर तिन्ही वस्तू त्यांनी ब्लाउजपीसशेजारी मांडल्या. वेणूने एकेकीवर नख वाजवून पाहिलं. फोनची पाठ काचेची, घड्याळ धातूचं, डबी प्लास्टिकची.

"ही तीन कापडं हायत, आत्या," ती म्हणाली. "एकसारखी कशी दिसतील?"

आठवडाभर तोंड न उघडलेली समृद्धी तेव्हा बोलली.

"आत्या, साखरपुड्याला तुमी दिलेल्या साडीशी तुमचाच ब्लाउज पण जुळत नव्हता. मी तो घातला. तुमची साडी नकली हाय असं कोणी बोललं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते."

इथे मला शिंक आली. दोन तागे पडले आणि त्यांच्यासोबत मीही. भामाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण मी तिथे कसा हे विचारायच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या. डोळे पुसत त्यांनी मितेशला फोन लावला, आणि तिकडून हॅलो येताच तो माझ्या हातात कोंबला.

"तुमी बोला. माज्यानं नाय बोलवत."

मी धूळ झटकली, घसा साफ केला आणि केस सुटल्याचं जाहीर केलं.

"कोणी केलं होतं, काका?" मितेशने विचारलं.

"कोणीच नाही रे," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं उत्तर बरोबर आलं होतं, आणि तेही वेणूचं होतं.

 पलीकडून पोराने नाक ओढल्याचं ऐकू आलं. भामाबाईंनी फोन माझ्याकडून काढून घेतला.

"हळदीला ये," त्या म्हणाल्या, "नि ते घड्याळ तू तुज्या हातानं बांध आमच्या नवरदेवाला, सगळ्यांसमोर. कोणी रंग इचारला, तर सांगायला मी हाय."