गजाभाऊंचे दोन राखणदार

आमच्या पवनीतले गजाभाऊ भाजलेला पापडसुद्धा आधी उजेडात धरतात. घर पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचं. लुगडं दारात आडवं धरून तुटका धागा शोधायची सवय डोळ्यांत मुरलेली. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी तशीच पाहिली होती. "मास्तर, उजेडात धरल्याबिगर काईच घरात घ्यायचं नाई."

धंद्यासाठी संगणक आणला तेव्हा त्यातला अँटिव्हायरस त्यांना फार आवडला. प्रत्येक मेल तपासूनच आत सोडतो, म्हणजे आपलाच माणूस. त्यांनी दोन बसवून घेतले. "एकाची नजर चुकली तं दुसरा हाये ना."

ते दोघे एका पंगतीतल्या रुसक्या जावयांसारखे वागू लागले. प्रत्येकाला मेल आधी आपल्या हातात हवी. मेलचा प्रोग्राम बिचारा मधल्या मध्ये अडकून पडे. नागपूरच्या व्यापाऱ्याने पाठवलेले काठाचे नमुने अर्धेच उतरत.

पण गजाभाऊंची खरी तक्रार निराळी होती. मुलगा विनय बंगळूरला. फोनवर "कामात आहे, बाबा, सविस्तर मेल करतो" म्हणून ठेवून देतो. ती मेल काही येत नव्हती.

"या दोघायनंच अडवली. पोरगं लिहून राहिलं, अन् हे त्याले दारातच बसवून राहिले."

मी शाळेत संगणक शिकवतो. शेजाऱ्याचं काम टाळतोय ही टोचणी सोसवेना, म्हणून एका रविवारी बसलो. एक अँटिव्हायरस काढला. दुसऱ्यात 'येणारी मेल तपासा' यापुढची खूण पुसली.

"म्हणजे उजेडात न धरताच आत?"

"जोडलेली फाइल उघडताना धरेल, भाऊ. फक्त वाटेत उभा राहणार नाही."

मेल धडाधड उतरल्या. काठाचे नमुने, जाहिराती, लॉटरी लागल्याच्या थापा. गजाभाऊ पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली गेले. शेवटी बोट थांबलं.

"झाल्या?"

"झाल्या."

"अडकलेलं काई उरलं नाई?"

"नाही, भाऊ."

काम इतकं चोख झाल्याचं मला आयुष्यात कधी वाईट वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर पुसलेली खूण जागेवर. मेल पुन्हा रखडलेली.

"परत का लावली, भाऊ?"

"इनयची मेल मोठी असंल, मास्तर. लहानपणापासून लय बोलते तो. तपासाले वेळ लागत असंल."

माझ्याकडे न पाहता त्यांनी चहाचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, मग माझ्या हातात दिला.

"लागतो वेळ," मी म्हणालो.

"तो दुसराबी बसवून देता का? एकट्याले लोड होते."

मी चहा संपवला, खुर्ची पुढे ओढली आणि दुसराही बसवून दिला.