रंगोजी नाइकाच्या बाराव्या पोथीची हकीकत

“अगो, ह्या मेल्याला कधीं साधें पडसें तरी होतें का?” ऐसें वचन भरदरबारीं चिकाच्या पडद्याआडून निघालें आणि पडद्यास टेकून बसलेल्या चिमाबाई पोथीवालीच्या कानीं पडलें, तेंच मंगलाचरण समजून ही हकीकत मांडिली असे. शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, संवत्सराचें नांव उंदरांनीं खादलें, मास कार्तिक. राज्याचें नांव पुसूं नये. नदी एक, डोंगर एक, राजे एक, आणि पोथ्या मात्र अकरा होत्या.

त्या पोथ्या चोरीच्या तपासाच्या, आणि सर्वांचा नायक एकच, रंगोजी नाईक, चोरांचा माग काढणारा. चिमाबाईचा घरधनी दरबारीं कागदांच्या नकला करी, त्याची शाई घोटतां घोटतां बाई अक्षर शिकली, आणि तो वारल्यावर पोथ्या लिहूं लागली. रिवाज ऐसा कीं, दरसाल कार्तिकांत नवी पोथी दरबारीं वाचावी, आधीं राजेसाहेबीं ती तपासावी, परंतु शेवटलें पान मोहरबंद असावें, तें राजांनींही पाहूं नये, आणि वाचनाचे वेळीं मोहर फोडून राजांनीं स्वमुखें वाचावें. मग अकराव्या पोथीस लोक जांभया देऊं लागले, आणि दोघे तर पागोटीं सांवरून उठूनच गेले, तें पाहून राजेसाहेबांची मर्जी गेली आणि आज्ञा जाहली कीं, “पुढले सालीं एकही मनुष्य मध्येंच उठला तर पोथी बंद, आणि बाईची नेमणूकही बंद.”

दिवाण खंडो अनंत यांनीं मसलत भरविली. यांची मसलत पूर्वींपासून एकच, रंगोजीस कांहींतरी चिकटवावें. तिसऱ्या पोथींत त्यांनीं त्यास लंगडा करविला, उजव्या पायानें, आणि पांचवींत तो डाव्यानें लंगडूं लागला, तेव्हां कोणता पाय हें नोंदण्यास एक कारकून नेमिला. मग मुंगूस दिलें. तें सहावींत मेलें आणि आठवींत मासळी पळवितांना दिसलें. आतां दिवाण बोलिले, “तपकीर द्यावी. तपकीर ओढणारा मनुष्य लोकांस विसरत नाहीं.” चिमाबाई म्हणाली, “दिवाणजी, तपकीर ओढिली तर शिंकेल, आणि शिंकला कीं हुजूर तें खोडतील.” कारण राजेसाहेब तांबडी शाई घेऊन बसत, आणि रंगोजी जेथें शिंकला, जेथें वाट चुकला, जेथें “मजला ठाऊक नाहीं” म्हणाला, तेथें तेथें रेघ ओढीत.

मग चिमाबाई पडद्याआडून रंगोजीच्या पडशाचें पुसणाऱ्या त्या बाईच्या शोधास लागली, तों ती वेणूआत्या निघाली, वाड्यांत हार ओवणारी. चिमाबाईनें तिजपाशीं फुलें ओवावयास बसून “आत्याबाई, रंगोजीस काय उणें?” म्हणून पुसतां आत्या म्हणाली, “उणें नाहीं तेंच तर उणें गो! जो कधीं चुकत नाहीं त्याच्या मागें मनुष्यानें बारा वर्षें काय म्हणून चालावें? घरीं जाऊन तोंड लपवायला त्याला एक कोपरा तरी दे.” चिमाबाई म्हणाली, “हुजूर चुकूं देत नाहींत.” त्यावर आत्या सुई थांबवून बोलली, “कां देत नाहींत तें तुला ठाऊक, मला ठाऊक, मोगऱ्याला ठाऊक. ओव मुकाट्यानें.”

तें ऐसें कीं, पहिल्या पोथीच्या दोन वर्षें आधीं राणीसाहेबांची नथ हरवली, आणि राजेसाहेबीं जातीनें तपास करून सटवाजी दिवट्यास, म्हणजे वाड्यांत दिवे लावणारास, चोर ठरवून नदीपार हद्दपार केलें. मग वर्षानें नथ तांदुळाच्या कणगींत सांपडली. राणीसाहेबीं ती धुऊन घातली, आणि कोणी कांहीं बोलिलें नाहीं. त्यानंतरच न चुकणारा नायक लिहिण्याची आज्ञा जाहली होती.

बारावी पोथी लिहिली. देवळांतील चांदीचें निरांजन हरवतें, रंगोजी चार पुरावे गोळा करून एका नावाड्यास चोर ठरवितो आणि गांवाबाहेर घालवितो, इतकें राजांनीं तपासिलें आणि संतोष पावून तांबडी शाई उघडिली नाहीं. वाचनास दरबार भरला. राणीसाहेब नथ घालून बसल्या. मग राजेसाहेबीं मोहर फोडिली आणि वाचूं लागले: “पुढें पावसाळ्याअंतीं देवळाची कोठी झाडतांना निरांजन केरांत सांपडलें. तेव्हां रंगोजी पायीं नावाड्याच्या दारीं गेला, आणि कडी वाजवून बोलिला कीं,” आणि पुढें कागद कोरा. राजांनीं पान उलटिलें, मागेंही कोरें.

“बाई, वाक्य अपुरें आहे.”

चिमाबाई उठून हात जोडून म्हणाली, “अपुरेंच आहे, हुजूर. अकरा पोथ्यांत रंगोजीच्या तोंडीं हें वाक्य कधीं आलें नाहीं, तेणेंकरून तो कैसें बोलेल हें मजला सुचेना. हुजुरांस सुचेल.”

दिवाण खोकले. राणीसाहेबांचा हात नथेपाशीं गेला आणि तेथेंच राहिला. दरबारांतून एकही मनुष्य उठला नाहीं. राजेसाहेबीं पान खालीं ठेविलें आणि कागदाकडे न पाहतां बोलिले,

“सटवाजीनें नथ घेतली नव्हती. चुकलों आम्हीच.”

सारांश, दुसरे दिवशीं नदीपार होडी गेली, सटवाजी येईल न येईल ही त्याची मर्जी. आणि रंगोजीचा पाय कोणता लंगडा, हें त्यानंतर कोणी पुसलें नाहीं. इतकी हकीकत.