निर्जळी आणि पोटरीतले गोळे

पासष्टी उलटल्यावर आमच्या ह्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यतींचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा मी देवापुढे बोलले होते, की हे धावतील त्या दिवशी सुखरूप घरी येईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेणार नाही. (एकदाच धावतील, अशी माझी भाबडी आशा.)

ह्यांचंही एक व्रत होतं, फक्त हे त्याला ‘स्ट्रॅटेजी’ म्हणत. पाणी प्यायलं की वाटेत थांबावं लागतं, थांबलं की वेळ जातो. म्हणून प्यायचंच नाही. तहान लागत नाही याचा तर केवढा अभिमान! मागच्या शर्यतीत गोळे येऊन आडवे झाले, तेव्हा शर्यतीच्या उपचार-तंबूतल्या डॉक्टरीणबाईंनी सुनावलं होतं, की काका, या वयात पायांच्या आधी तहान म्हातारी होते. घोट घोट पीत राहा, पुन्हा असे आलात तर धावणं बंद. ह्यांनी मान डोलावली. तशी ती माझ्या बोलण्यावरही डोलते.

परवाच्या शर्यतीला कडक ऊन. मी सकाळपासून कोरडी, शेवटच्या वळणावर उभी. हे खुरडत आले आणि माझ्यासमोरच मटकन बसले. पोटरी दगड झालेली.

“दाब जोरात,” हे कण्हले, “आणि त्या बाईला बोलावू नकोस.”

मी उकिडवी बसून दाबायला घेतलं, तोच माझ्या पोटरीत असा गोळा आला, की मी ह्यांच्या अंगावरच. मग हे माझी पोटरी दाबताहेत, मी ह्यांची, आणि मागचे धावपटू वळसा घालून जाताहेत. एक जण जाता जाता म्हणाला, “आजोबा, हे घरी करा.”

तंबूत आम्हाला शेजारी शेजारी निजवलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या वाळक्या जिभा पाहिल्या.

“यातलं धावलं कोण?”

ह्यांनी (धावणं बंद होईल या भीतीने) बिनदिक्कत माझ्याकडे बोट दाखवलं.

“काका, नंबर तुमच्या छातीवर आहे.”

मग मला सलाईन लागलं. ते पाहून हे इतके घाबरले, की न सांगता तांब्याभर पाणी प्यायले आणि उठून बसले. वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी थांबून प्यायचं, या अटीवर ह्यांचं धावणं वाचलं. माझं प्रकरण (देवापुढे बोललेलं व्रत!) अवघड निघालं. काकूंनी शर्यत बघायला येऊ नये, असं बाईंनी बजावलं.

आता मी देवाची परवानगी घेऊन व्रत बदललंय: हे तिकडे धावतात, मी इकडे घोट घोट पाणी पीत नामस्मरण करते. तुमच्याही घरी असं कोणी धावत असेल, तर बायांनो, एवढं करा. आणि वळणावर उभ्या राहायला तुम्ही अवश्य जा. मला मनाई आहे.